पेन्शनरांची दापोली: निवृत्त महार शिपायांनी संघटना का काढली?

दर काही वर्षांनी एखादा समाज आपल्या नावाची रेजिमेंट मागतो. २०२२ मध्ये हरियाणात अहीर रेजिमेंटसाठी मोठं आंदोलन झालं, तेव्हा टीव्हीवर नेहमीची जुगलबंदी रंगली. एक जण म्हणतो, सैन्यात जात कशाला आणता? दुसरा विचारतो, मग शीख, डोगरा, मराठा, महार ही नावं कुठून आली? आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी लोटणारी गर्दी पाहिली की तिसरा प्रश्न येतो: इंग्रजांच्या फौजेतल्या नोकरीबद्दल एवढी आस्था का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची बरीचशी उत्तरं रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीत सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या लहानशा गावात निवृत्त शिपायांनी एक संघटना काढली, तिचं नाव अनार्य दोष परिहारक मंडळी. शाळेच्या इतिहासात तिचा उल्लेख आलाच तर एका ओळीत येतो. पण माजी सैनिकांनी खेड्यापाड्यात एकत्र येऊन सरकारदरबारी लेखी मागणी करायची, ही रीत महाराष्ट्रात कशी रुजली हे पाहायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

आधी फौज समजून घेऊ

ईस्ट इंडिया कंपनीची फौज एकच नव्हती. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या तीन वेगळ्या फौजा होत्या आणि तिघींची भरतीची रीतही वेगळी होती. बंगालची फौज अवध-बिहारकडच्या उच्चवर्णीयांवर भर देणारी. मुंबईची फौज मात्र मिळेल तो धडधाकट माणूस घ्यायची. मराठे, मुसलमान, उत्तरेकडून आलेले परदेशी, कोकणातले आणि देशावरचे महार, चांभार, थोडे यहुदी, सगळे एकाच पलटणीत, एकाच रांगेत.

यात इंग्रजांचा उदारपणा फारसा नव्हता. मुंबई इलाख्याला माणसं हवी होती आणि कोकणात ती होती. जमीन खोताची, पाऊस बेभरवशाचा आणि घरात खाणारी तोंडं फार, अशा रत्नागिरी जिल्ह्यातून फौजेला सतत शिपाई मिळत गेले. त्यांत महारांचा वाटा मोठा होता. त्या काळच्या कागदपत्रांत ही माणसं ओळखायची सोपी खूण म्हणजे नावाच्या शेवटी लागणारा 'नाक' हा प्रत्यय. भीमा कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडलेल्या कंपनीच्या शिपायांची ४९ नावं स्तंभावर आहेत, त्यांतली २२ 'नाक'वाली.

कोरेगाव सर्वांना माहीत आहे. दुबराईचं नाव फार कमी जणांनी ऐकलेलं असतं. दुसऱ्या अफगाण युद्धात, एप्रिल १८८० मध्ये, दुबराईच्या चौकीवर एकोणिसाव्या मुंबई पलटणीचा मेजर वॉडबी आणि त्याचे दोन शिपाई मोठ्या जमावाशी शेवटपर्यंत लढले आणि तिघेही मारले गेले. त्या दोन शिपायांतला एक सोननाक ताननाक. मुंबईत फोर्ट भागातल्या रस्त्याला पुढे मेजरसाहेबांचं नाव मिळालं. सोननाकाचं कुठल्या रस्त्याला दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

दापोलीच का?

जुनी माणसं अजून 'काप दापोली' म्हणतात. काप म्हणजे कॅम्प. १८१८ मध्ये पेशवाई बुडून कोकण इंग्रजांकडे गेलं, तेव्हा दक्षिण कोकणासाठी लष्करी ठाणं म्हणून दापोली निवडली गेली. समुद्र जवळ, पण गाव उंचावर आणि हवा थंड. गोऱ्यांना मानवणारी. १८४० च्या सुमारास नेहमीची फौज हलवली आणि तिथे वयस्क शिपायांची, लढाईपेक्षा पहाऱ्याला योग्य अशी पलटण ठेवली. १८५७ मध्ये तीही मोडली.

फौज गेली, पण वसाहत राहिली. आजूबाजूच्या तालुक्यांतले निवृत्त शिपाई, हवालदार, जमादार, सुभेदार दापोलीत घरं करून राहू लागले. गाव ओळखीचं होतं, कचेरी जवळ होती आणि सोबतीला जुने पलटणीतले दोस्त होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. तेही १८९४ च्या सुमारास निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीतच राहिले. भीमरावांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा इथलाच, असं चरित्रकार सांगतात.

पेन्शनीने नेमकं काय बदललं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

गावगाड्यात महाराचं काम वतनाचं. वतन म्हणजे पिढीजात नेमून दिलेलं काम आणि त्याच्या बदल्यात मिळणारा हक्क. सरकारी निरोप पोचवायचा, पाहुण्या अंमलदाराचं सामान वाहायचं, मेलेली जनावरं ओढायची, वेशीची राखण करायची. मोबदला धान्याच्या वाट्यात, कधी जमिनीच्या तुकड्यात. हा मोबदला देणारं गाव आणि अडवणारंही गावच. म्हणून गावाला नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की खळ्यावरचा वाटा बंद.

पलटणीतल्या शिपायाला एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात महिना ७ रुपये पगार होता. तो ९ रुपये झाला १८९५ मध्ये. शिपायाची पेन्शन त्याहून कमी. आजच्या भाषेत किरकोळ. पण ती रोख होती, दरमहा होती, आणि मुख्य म्हणजे ती देणारा गावचा पाटील नव्हता. गावाने वाळीत टाकलं तरी खजिन्यातून पैसे मिळायचेच. गावात राहून गावावर न अवलंबणारा अस्पृश्य माणूस, असा एक नवाच प्रकार यातून तयार झाला.

दुसरी गोष्ट अक्षरओळखीची. पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या. लष्करातलं हे शिक्षण सक्तीचं होतं आणि मुलींनाही मिळत होतं, असं बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. रामजी स्वतः अशा लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाहेर ज्यांच्या मुलांना शाळेच्या दारात उभं करत नव्हते, त्यांच्यातला हवालदार मोडी वाचत होता, हिशेब ठेवत होता, वर्तमानपत्र चाळत होता आणि साहेबाला अर्ज कसा लिहायचा हे जाणत होता.

मुलतान, एडन, काबूलकडे जाऊन आलेला असा माणूस पन्नाशीत गावी परततो आणि त्याला पुन्हा पाणवठ्यापासून दूर उभं राहायला सांगतात. तिथे ठिणगी पडली नसती तरच नवल.

दार कसं बंद झालं?

१८५७ च्या उठावानंतर फौजेची फेररचना सुरू झाली आणि हळूहळू एक सिद्धांत बळावला: काही जाती-जमाती जात्याच लढवय्या, बाकीच्या नाहीत. यालाच लढवय्या जातींचा सिद्धांत म्हणतात. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्याचे खंदे पुरस्कर्ते. त्यांच्या लेखी पंजाब, सरहद्द आणि नेपाळ इथली माणसं खरी लढाऊ, दक्षिणेकडची नव्हेत. रशिया अफगाणिस्तानाच्या बाजूने येईल अशी भीती होती, म्हणून सगळं लक्ष वायव्येकडे लागलं होतं. याच दक्षिणेच्या शिपायांनी इंग्रजांचं राज्य उभं करून द्यायला हातभार लावला होता, ही अडचण सिद्धांताला भेडसावली नाही.

सिद्धांत कागदावरच राहिला असता तर फार बिघडलं नसतं. पण त्यासोबत पलटणीची घडीही बदलली. पलटणीचे भाग असतात, त्यांना कंपनी म्हणतात. आधी मुंबईच्या फौजेत एका कंपनीत सगळ्या जातींचे शिपाई मिसळलेले असत. आता ठरलं की एक कंपनी एकाच समाजाची. शाळेत सातवीच्या चार तुकड्या असतात आणि मुलं कशीही वाटलेली असतात. उद्या मुख्याध्यापकांनी ठरवलं की 'अ' तुकडी अमक्या आळीची, 'ब' तमक्या आळीची, आणि मग म्हटलं की तुकड्या चारच आहेत, तुमच्या आळीला जागा नाही, तर त्या आळीतल्या मुलाचे गुण कितीही असोत, तो वर्गाबाहेर. महारांचं हेच झालं.

मिश्र पलटणीत महार सुभेदाराच्या हाताखाली इतर जातींचे शिपाई असत. नव्या व्यवस्थेत हे नको झालं. वरच्या जातींचे रंगरूट बिचकतील, अशी सबब पुढे आली. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. त्यांच्याबरोबर चांभार, रामोशी असे आणखीही समाज वगळले गेले. जे नोकरीत होते त्यांना आपली वर्षं पुरी करू दिली, पण नवा माणूस घेणं बंद. १८९५ मध्ये तीन इलाख्यांच्या फौजा मोडून एकच हिंदुस्थानी फौज झाली आणि मुंबईच्या फौजेची जुनी रीत कायमची संपली.

दापोलीतल्या पेन्शनरांना याचा अर्थ लगेच कळला असणार. नवी भरती नाही म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी नवा पेन्शनरही नाही. पगार नाही, लष्करी शाळा नाही, गावाबाहेरचा पैसा नाही. एका पिढीने मिळवलेली उसंत पुढच्या पिढीच्या हातून निसटणार होती.

गोपाळबाबा आणि त्यांची मंडळी

गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. फौजेतून हवालदार म्हणून १८८६ च्या सुमारास निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. 'दीनबंधू' आणि 'सुधारक' या पत्रांत ते लिहीत. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कोणता, असे थेट प्रश्न वरिष्ठ जातींना विचारणारी एक पुस्तिकाही त्यांनी काढली. प्रश्नांची यादी करून समोरच्याकडे खुलासा मागायचा, ही पद्धत मला अस्सल लष्करी कचेरीतली वाटते.

दापोलीतल्या निवृत्त महार-चांभार शिपायांना घेऊन त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली. अनार्य म्हणून ज्यांच्यावर दोष लादला गेला, त्यांच्यावरचा तो दोष दूर करायचा, हा नावामागचा हेतू.

मंडळींच्या भोवतालच्या पेन्शनरांचा एक झगडा शाळेचा होता. १८९२ च्या सुमारास आपल्या मुलांना दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं, म्हणून त्यांनी अर्ज केला. सरकारी धोरण कागदावर त्यांच्या बाजूचं होतं, सार्वजनिक पैशावर चालणारी शाळा सर्वांना खुली. गाव तयार नव्हतं. शेवटी तडजोड निघाली ती अशी की मुलं शाळेत येतील, पण बसतील ओसरीवर. वर्गाच्या बाहेर, मास्तरांचा आवाज पोचेल एवढ्या अंतरावर. प्रवेश दिला असं सरकारला कळवता आलं आणि विटाळ झाला नाही असं गावाला म्हणता आलं. आपल्याकडच्या किती तडजोडी अशा ओसरीवरच्या असतात!

मग १८९४ चा अर्ज. महारांची फौजेतली भरती पुन्हा सुरू करावी, अशी लष्कराच्या वरिष्ठांकडे मागणी. भरती बंद झाल्यानंतर निवृत्त शिपायांच्या संघटनेने तयार केलेलं हे पहिल्या काही निवेदनांपैकी एक, आणि त्यातली मांडणी पाहण्यासारखी आहे. आमचे पूर्वज मुळात क्षत्रिय होते. १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी मिळेल ते खाल्लं, म्हणून त्यांना खाली ढकललं गेलं, असा त्यातला एक धागा. कंपनी सरकारच्या काळापासून केलेली चाकरी हा दुसरा.

अर्जाने काही साधलं नाही. दार बंदच राहिलं.

१८९५ मध्ये गोपाळबाबांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक अस्पृश्य हवालदार आपल्याबरोबर बोर्डात बसणार, म्हणून वरच्या जातींचे सदस्य बिथरले. १९०० मध्ये गोपाळबाबा वारले.

"ही माजी सैनिकांची संघटना कसली? जातीचीच होती ना?"

दोन्ही होती, आणि ते वेगळं काढता येणार नाही. आज माजी सैनिक संघटना म्हटलं की पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली कामं डोळ्यांसमोर येतात. दापोलीच्या मंडळींना स्वतःच्या पेन्शनीची चिंता नव्हती. ती मिळत होती. त्यांची मागणी पुढच्या पिढीसाठी होती, आणि ती अडवली होती जातीच्या नावाने. मग संघटना जातीचीच होणार. मात्र एकत्र येण्याचं बळ पलटणीतलं होतं. एकमेकांचा हुद्दा माहीत, हजेरीची सवय, आणि कागदाला कागदाने उत्तर द्यायचा सराव.

"इंग्रजांची चाकरी मागणं म्हणजे लाचारीच की"

हा आक्षेप दर जानेवारीत नव्याने निघतो. त्या काळात सरकारकडे नोकऱ्या कोण मागत नव्हतं? १८८५ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेसचं सुरुवातीचं राजकारणच अर्ज-विनंत्यांचं होतं. हिंदी तरुणांना मोठ्या सनदी जागा मिळाव्यात, परीक्षा इथेही घ्याव्यात, फौजेत अधिकारपदं मिळावीत, असे ठराव दरसाल होत. मामलेदारी मागणारा देशभक्त आणि शिपाईगिरी मागणारा लाचार, हा हिशेब मला काही जुळत नाही.

शिवाय चाकरी नको म्हटली तर पुढ्यात काय होतं, तेही पाहावं. गावकी. तीही चाकरीच, फक्त बिनपगारी आणि जन्मभराची.

याचा अर्थ इंग्रज न्यायी होते असाही नाही. गरज होती तोवर त्यांनी महारांना घेतलं, गरज संपल्यावर शास्त्रीय वाटेल असा सिद्धांत पुढे करून काढलं. फौजेत जातिभेद कमी पाळला जायचा तो सोयीसाठी, आणि नंतर जातवार कंपन्या केल्या त्याही सोयीसाठीच. पेन्शनरांना हे कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही. ज्याच्या हातात दार होतं, त्याच्याकडे त्यांनी अर्ज केला.

"फुल्यांचे अनुयायी आणि क्षत्रियत्वाचा दावा?"

हा प्रश्न अभ्यासू वाचकाचा. जात मोडायची म्हणणाऱ्यांनी आम्ही मूळचे क्षत्रिय असं का म्हणावं?

एक कारण व्यवहाराचं. सरकार विचारत होतं, तुम्ही लढवय्ये आहात याचा पुरावा काय? तेव्हा अर्जाला सरकारच्याच भाषेत बोलणं भाग होतं. नोकरीच्या जाहिरातीत जी पात्रता लिहिलेली असते, तिलाच धरून आपण अर्ज करतो. ती पात्रता चुकीची आहे असं आपलं मत असलं, तरी त्याची जागा अर्जात नसते.

दुसरं कारण विचाराचं आहे आणि ते सहसा सुटून जातं. फुल्यांच्या मांडणीत शूद्र-अतिशूद्र हेच या भूमीचे मूळ रहिवासी आणि मूळचे क्षत्रिय. बाहेरून आलेल्या आर्यांनी त्यांना जिंकून खाली लोटलं. म्हणजे अनार्य असणं आणि क्षत्रिय असणं यात फुल्यांच्या लेखी विरोध नव्हताच. गोपाळबाबांनी संघटनेच्या नावात एक शब्द ठेवला आणि अर्जात दुसरा, पण गुरूची वाट सोडली नाही.

अर्ज फसला, मग उरलं काय?

अर्ज करायची सवय उरली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि त्यानंतर सरकारला निवेदन पाठवलं, त्यावर १,५८८ जणांच्या सह्या होत्या. १९१० मध्ये त्यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. लष्करात घ्या, पोलिसांत घ्या. दापोलीतल्या मूठभर पेन्शनरांची मागणी देशावरच्या गावोगावी पोचली होती.

दार उघडलं ते पहिल्या महायुद्धाने. माणसांची चणचण भासली तेव्हा सिद्धांत गुंडाळला गेला आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ पर्यंत पलटण मोडली. पुन्हा घरी. मात्र या वेळी घरी आलेले तरुण होते.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जी परिषद भरली, तिथे कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले निवृत्त शिपाई बऱ्याच संख्येने हजर होते. महाड म्हणजे गोपाळबाबांचा तालुका. परिषद संपल्यावर गावातल्या लोकांनी हल्ला केला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शांत राहायला सांगितलं, आणि युद्ध पाहून आलेल्या शिपायांनी हात आवरला. त्याच वर्षी १ जानेवारीला शिवराम जानबा कांबळे यांनी बाबासाहेबांना कोरेगावच्या स्तंभापाशी नेलं होतं. आज तिथे जमणाऱ्या लाखोंच्या गर्दीची सुरुवात त्या भेटीशी जोडली जाते. आधी स्तंभ कंपनीच्या विजयाचा होता. भरतीसाठी झगडणाऱ्या पेन्शनरांनी आणि त्यांच्या मुलांनी त्यावरची 'नाक'वाली नावं पुढे आणली. सरकार म्हणत होतं तुम्ही लढवय्ये नाही, आणि सरकारनेच उभारलेल्या दगडावर त्याच्या उलट कोरलेलं होतं.

दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १८९४ च्या अर्जापासून मोजलं तर ४७ वर्षांनी.

मग आजच्या रेजिमेंटांचं काय?

स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की यापुढे भरती सर्वांना खुली आणि जातीच्या नावाने नवी रेजिमेंट नाही. १९४९ मध्ये उभी राहिलेली ब्रिगेड ऑफ द गार्ड्स मुद्दाम सर्व समाजांची केली गेली. जुन्या रेजिमेंटांची नावं मात्र ठेवली, कारण शिपाई देशासाठी लढतो तसा पलटणीच्या नावासाठीही लढतो, असं लष्कराचं म्हणणं. महार रेजिमेंटचं नाव टिकलं, पण तिच्यात आज वेगवेगळ्या प्रांतांतले, वेगवेगळ्या समाजांतले जवान आहेत. श्रीलंकेत १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले परमवीर चक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुखही इथलेच.

म्हणून आज कोणी नव्या जातीच्या रेजिमेंटची मागणी केली आणि 'महारांना मिळाली, मग आम्हाला का नाही' असं म्हटलं, तर दोन गोष्टींची गल्लत होते. दापोलीच्या पेन्शनरांचं मूळ दुखणं भरतीबंदीचं होतं. मिश्र पलटणींच्या काळात त्यांनी वेगळी रेजिमेंट मागितल्याचं दिसत नाही; तेव्हा रांगेत उभं राहता येत होतं. जातवार व्यवस्था इंग्रजांनी आणली आणि तिच्यात शिरायला जातीच्या नावाचंच दार उरलं. आज भरती सर्वांना खुली असताना ती गरज तशी राहत नाही. सन्मानाची मागणी असू शकते, तिचा विचार वेगळा करावा.

दापोलीच्या गोष्टीचा आजच्या बातम्यांशी मला अधिक जवळचा वाटणारा धागा दुसराच आहे, पेन्शनीचा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षं नोकरी करतो, त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करतात, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन नाही, आणि नियमाप्रमाणे माजी सैनिक हा दर्जाही नाही. एकरकमी पैसे मिळतात की, असं योजनेचे समर्थक म्हणतात, आणि फौज तरुण ठेवायची तर पेन्शनीचा बोजा कमी करावा लागतो हेही खरं. पण चोविसाव्या वर्षी हातात आलेले बारा लाख घर बांधण्यात, बहिणीच्या लग्नात, कर्ज फेडण्यात जायला किती दिवस लागतात हे खेड्यातल्या कुणालाही विचारा. दापोलीच्या हवालदाराला गावाने वाटा अडवला तरी फिकीर नव्हती, ती साठवलेल्या पैशामुळे नव्हे. पुढच्या महिन्याचे चार रुपये खजिन्यातून येणार हे ठरलेलं होतं म्हणून. पगार, पेन्शन आणि शाळा यांच्या जोरावर तो संघटना काढू शकला, वर्तमानपत्रात लिहू शकला, लोकल बोर्डात जाऊन बसू शकला. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडच्या गावांमधल्या माजी सैनिकांच्या संघटना आजही अशा पेन्शनरांवरच चालतात. सभासदांची वर्गणी, वर्षातून एक मेळावा, कुणाच्या विधवेचं अडलेलं काम घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालणारे दोन-चार सुभेदार. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतील. त्यांना या संघटनांच्या सभासद-नोंदवहीत घ्यायचं की नाही, हे प्रत्येक गावातल्या मंडळींना आपापल्या बैठकीत ठरवावं लागेल.